उष्ण, दमट हवेत मोठा बांबू लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे 'मोठा' म्हणजे मनगटापेक्षा जाड आणि तीन-चार मजल्यांच्या वर जाणारा बांबू. कुंपणाच्या किंवा शोभेच्या बांबूला यातलं बरंच लागू पडतं, सगळं नाही. हवा उबदार, पाऊस भरपूर आणि थंडी नावापुरती, असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत.

मोठ्या बांबूत कोणत्या जाती येतात?

सर्वांत भव्य डेंड्रोकॅलॅमस जायगॅन्टियस. चांगल्या जागी तो २५ ते ३० मीटर उंच जातो आणि बुंध्याशी त्याचा व्यास १५ ते २५ सेंटिमीटर भरतो. डेंड्रोकॅलॅमस ॲस्पर उंचीला त्याच्या जवळपास, जाडीला थोडा कमी. त्याच्या खालच्या पेरांवर मखमलीसारखी तपकिरी लव असते आणि बुंध्याजवळच्या गाठींभोवती मुळांचं कडं दिसतं, त्यावरून तो पटकन ओळखू येतो. बांबुसा बालकोआ १५ ते २५ मीटर जातो. त्याची भिंत जाड असल्यामुळे बांधकामाला तो फार भरवशाचा. काटेरी कळक, म्हणजे बांबुसा बांबोस, उंचीला कुणाला हार जात नाही, पण त्याच्या बेटात शिरायचं म्हणजे आधी काटेरी फांद्यांची जाळी कापावी लागते. दक्षिण अमेरिकेतला ग्वाडुआ अँगुस्टिफोलिया गाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे देखणा दिसतो. काटे त्यालाही आहेत.

एकच जात निवडायची आणि कामासाठी लाकूड हवं असेल, तर मी बालकोआ निवडेन. कोंबांसाठी ॲस्पर. जायगॅन्टियस डोळ्यांना सुखावतो, पण त्याचा एक ओला बांबू खाली उतरवायलाही माणसं लागतात. लावण्याआधी याचा विचार केलेला बरा.

मोसो बांबूचं बी सहज मिळतं. ते लावू का?

नको. मोसो, म्हणजे फिलोस्टॅकिस एड्यूलिस, हा थंडी असलेल्या प्रदेशातला बांबू आहे. त्याला हिवाळ्याची विश्रांती लागते. उष्ण, दमट जागी तो उगवतो, काही वर्षं तग धरतो, पण चित्रात दिसतो तसा कधीच होत नाही. शिवाय तो जमिनीखालून धावणाऱ्या गटातला आहे.

बांबू सगळीकडे पसरत सुटतो म्हणतात. खरं का?

जमिनीखालच्या कंदाची दोन वळणं असतात. एका प्रकारात कंद दोरीसारखा लांब धावतो आणि वाटेत डोळ्याडोळ्याला कोंब काढतो. मोसो त्यातला. दुसऱ्या प्रकारात कंद आखूड आणि जाड असतो, थोडा पुढे जाऊन वर वळतो आणि त्याचं टोकच बांबू बनतं. पुढचा कंद त्याच्या कुशीतल्या डोळ्यातून निघतो. असे बांबू एकाच जागी बेट करून राहतात. मोसो सोडला तर वर सांगितलेल्या सगळ्या जाती या दुसऱ्या प्रकारातल्या. ग्वाडुआच्या कंदाची मान लांब असते, त्यामुळे त्याचं बेट सैल आणि ऐसपैस होतं. बाकीच्यांचं बेट वर्षाला हातभर रुंदावतं, इतकंच.

लावून दोन वर्षं झाली. अजून बोटाएवढ्याच काड्या येतात. रोप निकस होतं का?

बहुतेक वेळा रोपात काहीच खोट नसते. बांबू गवताच्या कुळातला आहे. आंब्या-फणसाच्या खोडात दर वर्षी जाडी वाढवणारा थर असतो, तो बांबूत नसतो. कोंब ज्या जाडीचा जमिनीतून बाहेर पडला, त्याच जाडीचा तो मरेपर्यंत राहतो. पाणी, खत, देखभाल काहीही करा, उगवलेली काठी जाड होणार नाही.

मग जाडी येते कुठून? मागच्या वर्षीच्या पानांनी जे अन्न तयार केलं ते कंदात साठतं आणि त्या साठ्याच्या ऐपतीप्रमाणे पुढचा कोंब येतो. पहिल्या वर्षीची पेन्सिलएवढी काडी आपल्या पानांनी अंगठ्याएवढा कंद पोसते, अंगठ्याएवढी काठी मनगटाएवढा. असा पायरीपायरीने बांबू मोठा होत जातो. मोठ्या जातींना पूर्ण जाडीचे बांबू यायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. म्हणून दुसऱ्या वर्षी काडी किती जाड आहे हे बघण्यापेक्षा ती पहिल्या वर्षीपेक्षा जाड आहे का, ते बघा. असेल तर सगळं ठीक चाललंय. नसेल तर पाणी, तण आणि निचरा या तिन्हींकडे त्याच क्रमाने लक्ष द्या.

आणि त्या बारीक काड्या 'कुरूप दिसतात' म्हणून छाटू नका. बेटाची सगळी कमाई त्या काळात त्यांच्याच पानांवर चालू असते. वाळल्या की मग काढा.

दिवसाला तीन फूट वाढतो हे खरं आहे?

विक्रम म्हणून नोंदला गेलेला आकडा दिवसाला ९१ सेंटिमीटरचा आहे. तुमच्या बेटात तो दिसेल अशी अपेक्षा धरू नका, पण वयात आलेल्या जायगॅन्टियसचा कोंब भर पावसात दिवसाला वीत-दीड वीत सहज वर सरकतो.

हे जमतं कारण कोंब बाहेर पडतो तेव्हा पुढच्या बांबूची सगळी पेरं त्यात आधीच तयार असतात, एकात एक दाबून बसवलेली. जुन्या रेडिओची एरियल ओढावी तशी ती खालून वर एकेक लांबत जातात. दोन ते चार महिन्यांत पूर्ण उंची गाठली जाते, आणि मग फांद्या, मग पानं येतात. म्हणजे इतकं सगळं होईपर्यंत कोंबाला स्वतःचं एकही कामाचं पान नसतं. त्याला पोसतात ते शेजारचे जुने बांबू, कंदातून. तोडणीचा प्रश्न पुढे येईल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

उंची झाली म्हणजे बांबू तयार झाला असंही नाही. पहिल्या वर्षीचा बांबू आतून कोवळा आणि पाणीदार असतो. ताकद यायला तीन वर्षं लागतात.

रोप कशापासून करावं?

बी, कंद, काठीचे तुकडे, फांदी आणि टिश्यू कल्चर, असे पाच मार्ग आहेत.

बी मिळालं तर उत्तम, पण ते मनात आलं की मिळत नाही, कारण बांबू कित्येक दशकांत एकदा फुलतो. शिवाय बियांची उगवण काही महिन्यांत झपाट्याने घटते. बालकोआसारख्या जातीत तर बी धरतच नाही.

कंद हा जुना, खात्रीचा उपाय. बेटाच्या कडेचा एक-दोन वर्षांचा बांबू निवडायचा, वर मीटर-दीड मीटर ठेवून छाटायचा आणि त्याचा कंद मुळांसकट, डोळ्यांना इजा न करता काढायचा. कंदाची मान कापायला धारदार पहार लागते. मोठ्या जातीत हे अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि मूळ बेटालाही इजा पोचते. दोन-चार रोपं हवी असतील तर कंद काढा, शंभर हवी असतील तर दुसरा मार्ग बघा.

काठीच्या तुकड्यांसाठी दोन ते तीन वर्षांचा बांबू पावसाळ्याच्या दोन-तीन महिने आधी कापतात. दोन गाठी असलेले तुकडे करायचे, गाठीवरचे डोळे किंवा फांद्यांचे बुडखे शाबूत ठेवायचे. दोन गाठींमधल्या पोकळ पेराला भोक पाडून त्यात पेलाभर पाणी ओतायचं, जमलं तर मूळ फुटवणारं संप्रेरक त्यात मिसळायचं आणि भोक प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचं. मग भोक वर येईल असा तुकडा आडवा पुरून त्यावर दोन-तीन बोटं माती. सावली आणि ओल सतत हवी.

ॲस्पर, जायगॅन्टियस आणि बालकोआ यांच्या मुख्य फांद्या बुंध्याशी फुगीर असतात आणि तिथे मुळांचे टिपके दिसतात. अशा फांद्या बुंध्यासकट काढून वाफ्यात लावल्या तर मूळ बेटाला काही होत नाही. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत आवडतो.

टिश्यू कल्चरची रोपं एकसारखी आणि निरोगी मिळतात. ती घेताना मातृबेट कोणतं आणि ते किती वर्षांचं, एवढं जरूर विचारा. का ते शेवटच्या प्रश्नात.

तुकड्यांना छान पालवी फुटली आणि महिन्याभरात सगळी वाळली. असं का?

कारण पालवी आली तेव्हा मुळं आलीच नव्हती. काठीत साठलेल्या अन्नावर डोळे फुटतात, हिरवीगार पानंही येतात. ते अन्न संपण्याआधी मुळं धरली तर रोप जगतं. या हिरव्या पालवीला भुलून लोक रोपं उचलून शेतात लावतात आणि ती मरतात.

थांबायचं कुठवर, याची एक सोपी खूण आहे. पहिल्या फुटव्याच्या शेजारी मातीतून दुसरा, पहिल्यापेक्षा जाड कोंब वर आला म्हणजे खाली छोटा कंद तयार झाला. त्यानंतरच रोप हलवा. तो यायला पावसाळा संपेल, कधी त्याहून जास्त काळ जाईल. कंद नसलेलं रोप म्हणजे नुसती मुळं फुटलेली काठी. ती वर्षभर उभी राहील, पण तिचं बेट होणार नाही.

जागा कशी हवी? अंतर किती?

ऊन दिवसभर हवं. माती खोल, भुसभुशीत आणि किंचित आम्ल असली तर बांबू खूश. बाकी तो मातीचे फारसे लाड मागत नाही, पण साचलेलं पाणी त्याला मानवत नाही. नदीकाठी बांबू वाढतो म्हणून पाणथळीतही वाढेल, ही समजूत चुकीची आहे. पूर येऊन ओसरला तर चालतं. आठवडेच्या आठवडे पाणी तुंबलं तर कंद कुजतो. जागा सखल असेल तर दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा.

खड्डा उन्हाळ्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल घ्या, वरची माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा आणि पाऊस नीट सुरू झाला की रोप लावा.

अंतरात कंजुषी करू नका. बालकोआला पाच-सहा मीटर, ॲस्पर आणि जायगॅन्टियसला सात-आठ मीटर. पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० बेटं बसतात, सात बाय सातवर साधारण २०४. सुरुवातीला सात मीटरचं रान भकास वाटतं. दहाव्या वर्षी त्याच रानातून तोडलेला बांबू बाहेर काढताना ते अंतर कमीच वाटायला लागतं. मधल्या मोकळ्या पट्ट्यात पहिली तीन वर्षं कमी उंचीची पिकं घेता येतात.

पाणी किती द्यायचं?

पहिली दोन वर्षं कोरड्या महिन्यांत जमिनीप्रमाणे आठवड्याला एकदा-दोनदा, खोलवर. नंतर जिथे पाऊस भरपूर आहे तिथे बेट आपलं आपण बघतं, तरी पावसाआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत पाणी दिलं तर कोंब लवकर आणि जास्त येतात. पानं दुपारी सुरळीसारखी गुंडाळली जात असतील आणि संध्याकाळपर्यंत उलगडत नसतील, तर त्याला तहान लागली आहे.

खत?

गवतच ते, त्यामुळे नत्राची भूक मोठी. वयात आलेल्या बेटाला दर वर्षी दोन-तीन पाट्या शेणखत किंवा कंपोस्ट पावसाच्या तोंडावर द्या. रासायनिक खत द्यायचं तर एकदम न देता पावसाळ्यात दोन-तीन हप्त्यांत द्या, आणि ते बुंध्याशी न टाकता बेटाच्या कडेने, कारण खाणारी मुळं तिथे असतात.

गळलेली पानं मात्र झाडून जाळू नका. बांबूच्या पानांत सिलिका भरपूर असते. ती कुजून पुन्हा मातीत गेली की काठीला कणखरपणा येतो. शिवाय त्या पाचोळ्याखाली माती कशी राहते ते एकदा हात घालून बघा. वर रखरखीत ऊन असलं तरी खाली गारवा, बुरशीचे पांढरे धागे आणि त्यात शिरलेली केसासारखी मुळं.

दर वर्षी बेटावर मातीची भरही घाला. या जातींचे कंद हळूहळू वर सरकतात, उघडे पडतात आणि उघड्या कंदाचे कोंब बारीक येतात. वीतभर माती चढवली की फरक पुढच्याच हंगामात दिसतो.

कोंब फूट-दोन फूट वाढून काळे पडतात आणि मरतात. रोग आहे का?

बरेचसे कोंब असे मरणं हे बांबूचं नेहमीचंच वागणं आहे. कंदात पोसण्याची जितकी ऐपत, त्याहून जास्त कोंब तो काढतो आणि उशिरा आलेले सोडून देतो. म्हणून हंगामाच्या शेवटी येणारे कोंब खाण्यासाठी काढले तर बेटाचं काही बिघडत नाही. पहिले, जाड कोंब मात्र ठेवा. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारं कडू द्रव्य असतं, तेव्हा ते उकळून, पाणी टाकून देऊनच खायचे.

मेलेला कोंब उभा चिरून पाहा. आत बोगदा आणि पांढरी, जाड अळी दिसली तर ते कोंब पोखरणाऱ्या सोंडकिड्याचं काम. असे कोंब काढून नष्ट करा, तिथेच पडू देऊ नका. कोवळ्या बांबूवर मावा बसतो, त्याच्या चिकट्यावर काजळी बुरशी चढते. दिसायला वाईट, पण मोठ्या बेटाला त्याने सहसा काही होत नाही.

कोंब हाताळताना लांब बाह्यांचा सदरा घाला. आवरणावरची तपकिरी कुसं अंगात शिरली की दिवसभर खाज सुटते आणि पाण्याने धुऊन ती जात नाहीत. चिकटपट्टी लावून ओढली तर बरीचशी निघतात.

तोडणी कधी आणि कशी?

पाचव्या वर्षाच्या आत नाही. त्यानंतर दर वर्षी थोडी थोडी, आणि तीही फक्त तीन वर्षं पूर्ण झालेल्या बांबूंची.

माझ्या पहिल्या बेटाची मी सहाव्या वर्षी सरसकट तोडणी केली. गरज होती आणि सगळे बांबू हाताशी उभे होते. पुढच्या पावसात त्या बेटातून करंगळीएवढ्या काड्यांचं झुडूप आलं. पोसणारं पानच मी शिल्लक ठेवलं नव्हतं. ते बेट पुन्हा मनगटाएवढ्या काठीवर यायला चार वर्षं गेली.

तेव्हापासून हिशेब असा ठेवतो: या वर्षीचे, गेल्या वर्षीचे आणि त्याआधीच्या वर्षीचे बांबू हात न लावता ठेवायचे, त्याहून जुन्यांतले काढायचे, पण काही थोराड मागे ठेवून. कोंबांचा हंगाम चालू असताना कोयता बेटात न्यायचाच नाही. धक्क्याने कोवळे कोंब मोडतात आणि त्या दिवसांत काठीत साखर व पिष्ट जास्त असल्याने बांबू लवकर पोखरला जातो. पाऊस सरल्यावर, कोरड्या गार दिवसांत तोडा.

अडचण ही की जुने बांबू बेटाच्या पोटात असतात आणि नवे कडेला. कडेचे सोपे म्हणून तोडत गेलं की बेट आतून जुनाट होतं आणि गुदमरतं. उपाय असा की एका बाजूने आत वाट पाडायची, घोड्याच्या नालेसारखी, आणि त्या वाटेने मधले जुने काढायचे. वाट सुरुवातीपासून ठेवली आणि खालच्या आडव्या फांद्या दर वर्षी छाटल्या तर हे जड जात नाही. दहा वर्षं न उघडलेलं बेट मोकळं करणं मात्र फार कष्टाचं.

काप जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर घ्या. गाठीपासून वर वीतभर पेर राहिलं की त्याची वाटी होते, पावसाचं पाणी साचतं, डास वाढतात आणि कूज खाली कंदात उतरते.

बांबूचं वय ओळखायचं कसं?

या वर्षीच्या बांबूवर आवरणं चिकटलेली असतात, अंगावर पांढरी भुकटी असते आणि रंग ताजा. दुसऱ्या वर्षी आवरणं गळतात, खाली त्यांच्या खुणा राहतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिरवा रंग मंद होतो, सालीवर शेवाळ-दगडफुलाचे ठिपके येतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक येतो. कोवळा बांबू बद्द वाजतो. हे शिकेपर्यंत सर्वांत खात्रीचं म्हणजे दर वर्षी नव्या बांबूंवर रंगाने त्या वर्षाचा आकडा लिहून ठेवणं.

तोडलेला बांबू वर्षभरात भुसा होतो. काय करावं?

हा भुसा करणारा बारीक भुंगेरा बांबूतल्या पिष्टावर जगतो. योग्य वयाचा बांबू योग्य हंगामात तोडणं हा अर्धा उपाय. नंतर दोन ते चार आठवडे वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात बुडवून ठेवला तर साखर-पिष्ट बरंच निघून जातं. आणखी टिकाऊ करायचा तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून, आतले पडदे लांब सळईने फोडून, ओला बांबूच त्यात आठवडा-दोन आठवडे ठेवायचा आणि सावलीत उभा वाळवायचा. हे क्षार पावसाने धुऊन जातात, तेव्हा असा बांबू छपराखाली वापरा आणि जमिनीत गाडू नका. उरलेलं द्रावण शेतात ओतू नका, बोरॉन जास्त झालं की झाडं करपतात.

घराजवळ लावला तर चालेल?

भिंतीपासून, विजेच्या तारांपासून सात-आठ मीटर दूर. मुळं पाया फोडत नाहीत, पण फुगणारं बेट फरशी आणि पाइप ढकलतं, आणि वादळात वीस मीटरचे बांबू कुठवर वाकतात ते पाहिल्याशिवाय कळत नाही. मोडतात ते बहुधा त्याच वर्षीचे कोवळे शेंडे.

कुंडीत?

जगेल, मोठा होणार नाही. कंदाला जागा नाही तर काठी कुठून येणार?

बांबू फुलला की बेट मरतं, हे खरं का? मग काय करायचं?

बहुतेक मोठ्या जातींत खरं आहे. एका वंशाची बेटं कुठेही असली तरी साधारण एकाच काळात फुलतात, बी धरतात आणि वाळतात. मेलोकाना बॅसिफेरा या जातीचं चक्र सुमारे ४८ वर्षांचं. मिझोराममध्ये तो १९५८-५९च्या आणि २००६-०७च्या सुमारास फुलला तेव्हा बियांवर उंदीर माजले आणि मग त्यांनी शेतं फस्त केली. बांबुसा बांबोसचं चक्र ४०-४५ वर्षांच्या आसपास धरतात.

कंद, काठी, फांदी किंवा टिश्यू कल्चरपासून केलेलं रोप नवं दिसलं तरी त्याचं वय मातृबेटाचंच असतं. मातृबेट फुलोऱ्याच्या जवळ आलेलं असेल तर तुमचं तीन वर्षांचं बेटही त्याच्याबरोबर फुलून जाईल. म्हणून रोपवाटिकेत तो प्रश्न विचारायचा, आणि जमलं तर रोपं दोन-तीन वेगवेगळ्या वंशांची घ्यायची.

फुलोऱ्याच्या वर्षी नवे कोंब येत नाहीत, पानं झडतात आणि फांद्यांच्या गाठींवर कणसांचे झुबके दिसू लागतात. खत-पाण्याने तो थांबत नाही. तयार बांबू लगेच तोडून घ्या, वाळल्यावर ते ठिसूळ होतात. बेटाखालची जागा साफ करून ताडपत्री अंथरा. डेंड्रोकॅलॅमसचं बी भाताच्या दाण्यासारखं असतं, ते रोज गोळा करा, उंदरांच्या आधी. सावलीत वाळवून लवकरात लवकर वाफ्यात पेरा. आठ-दहा दिवसांत गवताच्या पात्यासारखं काहीतरी वर येईल. निंदणी करताना ते गवत समजून उपटलं जाऊ नये म्हणून वाफ्याला आधीच खूण करून ठेवा.